ॲक्शन फिगर : माळ्यावरची तीन खोकी आणि काचेचं एक कपाट

पाषाणकर

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून काढतो.

दसऱ्याच्या आधी घराला रंग काढला. माळा रिकामा करताना तीन खोकी खाली आली. फरशीवर पालथी केली तर १६४ फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या वीरांच्या बाहुल्या निघाल्या. जवळपास सगळ्या सहा इंची, मॉलमधून नाहीतर ऑनलाइन सेलमधून, २००९ ते २०१९ या दहा वर्षांत घेतलेल्या. एकेक पुसून ओळीने लावायला घेतली. तासाभराने लक्षात आलं की यातल्या निम्म्या कधी घेतल्या, कुठून घेतल्या, काहीच आठवत नाही. तीन तर दोन-दोनदा घेतलेल्या.

आणि माझी पहिली फिगर? तिचा कण न् कण पाठ आहे. १९९२ ची दिवाळी, बाबांचा बोनस आणि फनस्कूलचा जी. आय. जो, म्हणजे अमेरिकन सैनिकाची फिगर. पावणेचार इंच उंच. मांडीवर पिस्तुलाचं म्यान, पाठीवर स्क्रू, उजव्या हाताचा अंगठा बंदूक अडकवताना तुटला तो तुटलाच. त्या वर्षी कुंभारवाड्यातून मावळे आणले होते, महाराज सिंहासनावर होते, आणि खालच्या बुरुजापाशी, अळीव पेरलेल्या शेताच्या कडेला हा 'जो' उभा. आजीने विचारलं, हा कोण रे? मी सांगितलं, महाराजांच्या तोफखान्यावरचा गोलंदाज आहे. आजीने मान डोलावली आणि त्याच्याही पुढे पणती ठेवली. पुढची सहा वर्षं तो एकटाच होता माझ्याकडे.

नोकरी लागल्यावर हात सुटला. पगार झाला की एक, ऑफिसात वाईट दिवस गेला की एक. घरी येऊन खोकं फोडायचं, दोन-चार पोझ द्यायच्या, फोटो काढायचा, आणि पंधरवड्यात ती फिगर मागच्या रांगेत. मागची रांग भरली की माळ्यावर.

हे थांबलं ते ठाण्यात, एका मित्राच्या घरी. त्याने हॉट टॉइजचा बॅटमॅन घेतला होता. ही हाँगकाँगची कंपनी, २००० साली सुरू झालेली. १:६ चं माप, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक फुटाचा. मित्र म्हणाला, हातात घे, पण आधी हात धुऊन ये. मी तो खिडकीशी नेला. हनुवटीवर दाढीचे खुंट होते, रंगवलेली निळसर छटा नव्हे, एकेक टिंब दिसत होतं. ओठ कोरडे पडल्यावर दिसतात तशा बारीक उभ्या रेषा. मुखवट्याच्या कडेला, कातडं गालाला टेकतं तिथे, किंचित गडद सावली. झग्याची शिवण इतकी बारीक की दोरा कुठला वापरला असेल याचाच विचार करत बसलो. अर्धा तास गेला. एका बाहुलीकडे इतका वेळ मी १९९२ नंतर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सहा इंची घेणं बंद केलं. चौदा महिने पैसे बाजूला टाकले आणि २०२१ मध्ये पहिली १:६ फिगर घेतली. आज माझ्याकडे तीन आहेत. वर्षा-दीड वर्षाला एक, यापेक्षा जास्त झेपतही नाही आणि नकोही आहे. हॉलमधल्या शोकेसमधून आईचे स्टीलचे डबे आणि माझ्या शाळेतल्या ढाली तिच्या परवानगीने हलवल्या आणि काच सरकणारं कपाट करून घेतलं.

आता प्रश्न त्या १६४ चा. आणि खरं म्हणजे दुसराही एक प्रश्न आहे. तुमच्यापैकी कोण या वाटेने गेलंय? स्वस्तातलं मागे टाकून महागाकडे गेल्यावर काही हरवलं असं वाटलं का? कुणी परत फिरलंय का? मोकळेपणाने लिहा.

मांडवीकाठ

फनस्कूलचं नाव वाचून राहवलं नाही. ही एमआरएफ समूहाची कंपनी, १९८७ साली हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या साथीने सुरू झालेली, आणि तिचा कारखाना आमच्या गोव्यात. आमच्या शेजारचे काका तिथे कामाला होते. वाड्यावरच्या आम्हा पोरांना वाटायचं, जो म्हणजे गोंयकारच.

साचे हॅस्ब्रोकडून यायचे, पण रंग कित्येकदा इथलेच. अमेरिकेत जो गडी खाकीत तो आपल्याकडे पोपटी नाहीतर भगव्या रंगात. लहानपणी माझ्या मामेभावाने मुंबईहून अमेरिकन जो आणला, तेव्हा मला माझाच नकली वाटला आणि मी रडलो होतो. आता तेच चमत्कारिक रंग परदेशातले संग्राहक शोधत फिरतात, कारण ते जगात दुसरीकडे कुठे निघालेच नाहीत. तेव्हा पाषाणकर, तो १९९२ चा जो सांभाळा. अंगठा नसला तरी.

हडसनतीर

मांडवीकाठ यांच्याशी सहमत. मी न्यू जर्सीत असतो. चार वर्षांपूर्वी इथल्या एका खेळण्यांच्या बाजारात एका टेबलावर पुठ्ठ्यासकट सीलबंद फनस्कूलचे जो मांडलेले पाहिले. विकणारा साठीचा अमेरिकन गृहस्थ. मी भारतातला आहे म्हटल्यावर त्याने मलाच खुर्ची दिली आणि विचारत बसला की हे तुमच्याकडे दुकानात कसे टांगलेले असायचे, केवढ्याला मिळायचे. मी त्याला दादरच्या दुकानातली दोरी आणि चिमटे सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मूळ प्रश्नाबद्दल सविस्तर रात्री लिहितो.

शाडूमाती

धागा आवडला. मी वेगळ्या बाजूने लिहिते.

आमचं घर पेणचं. तीन पिढ्या गणपतीचं काम, आणि माझ्याकडे डोळ्यांची आखणी. सगळं अंग रंगवून झालं, सोनेरी लागलं, तरी डोळे शेवटी. बारीक ब्रश घ्यायचा, श्वास धरायचा आणि वरची पापणी एका ओढीत काढायची. मध्ये थांबलं की रेघ जाड होते आणि नजर जाते. नजर गेलेली मूर्ती गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं, त्याला कारण सांगता येत नाही.

म्हणून मला कोणतीही बाहुली दिसली की मी आधी डोळे बघते. दुकानातल्या सहा इंची फिगरचे डोळे बहुतेक ठशाने उमटवतात. कोरलेल्या पत्र्यावर शाई, ती सिलिकॉनची मऊ उशी उचलते आणि चेहऱ्यावर दाबते. पद्धत हुशारीची आहे, एका पाळीत हजारो चेहरे होतात. पण डोळाच मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, ठसा अर्धा मिलिमीटर सरकला की बुबुळ पापणीवर चढतं. अलीकडे काही कंपन्या चेहरा फोटोसारखा थेट छापतात. ते लांबून फार छान दिसतं, भिंगातून पाहिलं की ठिपके दिसतात.

१:६ वाल्यांचं काम मी पहिल्यांदा भाच्याकडे पाहिलं. त्यात रंग थरांचा आहे. खालचं प्लॅस्टिकच त्वचेच्या रंगाचं, थोडं पारदर्शक, म्हणून उजेड आत मुरतो. वर पातळ हात, कानाच्या पाळीला आणि नाकाच्या शेंड्याला लाली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात गुलाबी ठिपका, आणि बुबुळावर शेवटी चकाकीचा थेंब. तो थेंब आम्हीही देतो! काही फिगरमध्ये तर बुबुळं सुटी असतात, डोक्याचा वरचा भाग काढून आतून फिरवता येतात.

महाग घेणाऱ्यांना एकच सांगणं. जाहिरातीतला फोटो नमुन्याचा असतो, आणि नमुना मुख्य कारागीर रंगवतो. घरी येते ती कारखान्यातली प्रत. तीही हातानेच रंगवलेली असते, पण त्या हाताची शंभरावी की दोनशेवी हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा आधी घेतलेल्या लोकांनी घरच्या उजेडात काढलेले फोटो बघा, मग पैसे भरा.

सह्यकडा

शाडूमाती, प्रतिसाद साठवून ठेवला.

पाषाणकर, तुमच्या लेखनातला एक शब्द मला खटकला. "मागे टाकून". मी उलट बाजूचा माणूस आहे. तीन वर्षं १:६ गोळा केल्या, पाच होत्या, चार विकल्या. का, ते लिहितो.

तुमच्या त्या जोच्या पोटात काय होतं आठवतंय? एक काळं रबरी कडं. पायांच्या मधला लोखंडी आकडा आणि छातीच्या आतली खाच यांच्यात ते ताणून बसवलेलं. तेवढ्या एका कड्यावर कंबर वळते, पुढे वाकते, पाय फाकतात. १९८३ पासून दंडालाही फिरता सांधा आला, म्हणून बंदूक दोन्ही हातांनी धरता यायला लागली. काही आण्यांच्या मालात केलेली ही करामत आहे आणि ती पोराच्या हातात दहा वर्षं टिकावी म्हणून केलेली आहे.

आणि नावही बघा. हॅस्ब्रोने १९६४ साली पहिला जो काढला तो १२ इंची, कापडी कपडे घातलेला, म्हणजे तुमच्या १:६ चाच आजोबा. मुलगे बाहुली म्हटल्यावर हात लावणार नाहीत म्हणून 'ॲक्शन फिगर' हा शब्द पुढे केला. पुढे १९८२ साली जो पावणेचार इंचांचा झाला. त्या मापाच्या फिगर केनर कंपनीने १९७८ पासून घरोघरी पोचवल्या होत्या. लहान झाल्यामुळे गाडी, विमान, तळ सगळं परवडायला लागलं. लहान आणि स्वस्त होण्यानेच तो आपल्या बाबांच्या बोनसमध्ये बसला.

माझ्या पाचही १:६ फिगर मी घेतल्या दिवशी एका पोझमध्ये उभ्या केल्या आणि परत हलवल्या नाहीत. कोपर वाकवलं तर जाकिटाला सुरकुती पडेल, मनगट फिरवलं तर खुंटी तुटेल. मुलगी काचेला नाक लावून उभी राहायची आणि मी लांबून ओरडायचो. एक दिवस तिने विचारलं, बाबा, हे आपलेच आहेत ना? त्या महिन्यात चार विकल्या.

पैशाचंही बोललं पाहिजे. अमेरिकेत यांची किंमत अडीचशे-तीनशे डॉलर. आपल्याकडे खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. यात वाहतूक धरा. एका फिगरमध्ये मुलीची वर्षाची तबल्याची फी निघते. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पण ही पुढची पायरी आहे असं मी मानत नाही. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पाषाणकर

सह्यकडा, मनापासून लिहिलंत. "हे आपलेच आहेत ना" हे वाचून थांबलो.

तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि तरी माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या त्या १६४ शीही मी खेळत नव्हतो. खोकं फोडण्यापुरत्या त्या माझ्या होत्या. १:६ शी खेळत नाही हे खरं, पण रोज रात्री दिवे मालवायच्या आधी दोन मिनिटं तिथे उभा राहतो. मागच्या आठवड्यात एका फिगरच्या बुटाच्या टाचेला बाहेरच्या बाजूने जास्त झीज रंगवलेली दिसली. चालण्याची लकब! अडीच वर्षं माझ्याकडे आहे, आता दिसली. शाडूमातींचा प्रतिसाद वाचून भिंग घेऊन बसलो म्हणून दिसली.

निळावंती

इतका वेळ कुणी पावसाळ्याचं बोललं नाही म्हणून लिहिते. मी रत्नागिरीची, गेली नऊ वर्षं १:६ आणि पुतळे दोन्ही सांभाळते आहे.

सगळ्यात आधी नकली चामडं. ते म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. दमट हवेतल्या पाण्याने तो थर आतून तुटत जातो आणि एक दिवस पापुद्रे सुटतात. वापरा, वापरू नका, काचेत ठेवा, सुटतात. माझ्या सर्वांत लाडक्या फिगरचं जाकीट सहाव्या पावसाळ्यात गेलं. बोट लावलं तर काळे कण पसरले, खालचं कापड उघडं पडलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग आमच्या इथे बाळकृष्णाची वस्त्रं शिवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे फिगर घेऊनच गेले. त्यांनी सुतळीने मापं घेतली, जुनं जाकीट उसवून कागदावर बेतलं आणि काळ्या सुती कापडाचं नवं शिवलं. घरी आणून त्यावर मेण घासलं आणि केस वाळवायच्या यंत्राने हलकेच गरम केलं. आता ते खऱ्यासारखं मळकं, जडसर पडतं. अस्तराला बाईंनी न सांगता लाल काठ लावला आहे. तो मी तसाच ठेवला.

तेव्हा पहिली १:६ घेणाऱ्यांनी कापडी कपड्यांची किंवा चिलखतवाली बघावी, नकली चामड्याची शेवटी. घेतलीच तर हात अंगाशी सैल ठेवा, कोपर ताणलेल्या पोझमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, घडीच्या जागीच आधी तडकतं.

दिवे लागणारी फिगर असेल तर बॅटरीचे सेल काढून ठेवा. गळले की आतली पट्टी खातात.

जुनं पीव्हीसी चिकट होतं, कारण त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. घाबरून स्पिरिट लावू नका, रंग निघतो. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. मे महिन्यात एका पायावर उभ्या फिगर झुकतात, त्यांना गरम पाण्यात घोट्यापर्यंत बुडवून सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात धरायचं. डांबराच्या गोळ्या कपाटात अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. सिलिका जेलच्या निळ्या पुड्या ठेवा. गुलाबी झाल्या की कढईत कोरड्या गरम करून परत वापरता येतात, फक्त कढई स्वयंपाकाची नको.

हडसनतीर

उशीर झाला. माझा रस्ता मधला आहे, तोही नोंदवतो.

सहा इंची आणि १:६ यांच्या मध्ये जपानी १:१२ फिगर आहेत. बंदाईच्या एस. एच. फिग्वार्ट्स, मॅक्स फॅक्टरीच्या फिग्मा, या दोन्ही २००८ पासूनच्या, शिवाय मेडिकॉमच्या माफेक्स. उंची सहा इंचच, पण सांधे असे की मांडी घालून बसते, गुडघ्यात हनुवटी टेकते. सोबत चार-पाच चेहरे आणि दहा-बारा पंजे. ही फिगर रोज हातात घेता येते. सह्यकडा, तुमच्या मुलीलाही देता येईल, ती अकरा-बारा वर्षांची झाली की.

एक सावधगिरी. यांच्या नकला फार आहेत. मी स्वतः फसलोय. निम्म्या किमतीत मिळाली म्हणून एका विक्रेत्याकडून घेतली, खोकं उघडताच रॉकेलसारखा वास, मांडीचा सांधा पहिल्याच वळणाला पिळून निघाला. खोक्यावरची बारीक अक्षरं पुसट असली, चेहरा तेलकट चमकत असला आणि किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी असली तर हात लावू नका. आणि आगाऊ नोंदणी केली असेल तर वर्षभर धीर धरा. तारीख पुढे जातेच.

रेवाची_आई

मला यातलं काही कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. माझी रेवा नऊ वर्षांची. तिला असले वीर फार आवडतात. काय घेऊ? खेळण्याच्या दुकानात गेलं की एवढ्या भिंती भरलेल्या असतात.

सह्यकडा

रेवाची आई, आत्ता सहा इंची किंवा त्याहून लहान, स्वस्तातलीच घ्या. खोक्यावर आयएसआय खूण बघा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. एकच घ्या आणि पुढची लगेच घेऊ नका. पाषाणकरांचा जो सहा वर्षं एकटा होता.

पाषाणकर

रेवाची आई, घेऊ नका. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा. १६४ मधल्या तीन-चार चांगल्या सांध्यांच्या, टोकदार काही नसलेल्या निवडून धुऊन पाठवतो. रेवाला विचारा तिला कोण हवं, आणि तिने सांगितलं तर दुसरी पाठवणारच नाही, एकच पाठवेन.

बाकीच्यांचंही ठरवलं. आमच्या सोसायटीत यंदा मुलं तीन किल्ले करताहेत. खोकी खाली नेऊन ठेवली आणि प्रत्येकाने एक निवडायची असं सांगितलं. एक मुलगा पाऊण तास निवडत होता. उरलेल्या बहिणीच्या शाळेत जातील. बारा मी ठेवल्या, ज्या कुठे घेतल्या ते आठवतं त्या.

सह्यकडा, एक मदत हवी. १९९२ चा जो काढला. खेळून खेळून ते रबरी कडं कधीच तुटलं होतं, धड आणि पाय वेगवेगळे एका पाकिटात आहेत. हे कडं आज कुठे मिळेल?

सह्यकडा

प्लंबिंगच्या दुकानात. ओ-रिंग म्हणून मागा. पाकिटात तुटक्या कड्याचे तुकडे असतील तर ते घेऊन जा, जाडी त्याला जुळवा. जाड घेतलीत तर धड बंद होणार नाही, बारीक घेतलीत तर कंबर लुळी राहील. दोन-तीन मापांच्या आणा, स्वस्त असतात.

पाठीवरचा स्क्रू स्टार ड्रायव्हरने हळू फिरवा. आधी किंचित घट्ट दिशेला, मग उलट, म्हणजे आटे मरत नाहीत. कडं आकड्यात अडकवा, कमरेच्या तुकड्यातून वर काढा, छातीच्या आतल्या खाचेवर चढवा, पाठ लावून दाबून धरा आणि स्क्रू पिळा. शेवटचा अर्धा फेरा हाताच्या अंदाजाने.

पाषाणकर

तिसऱ्या मापाची बसली.

कंबर वळते आहे. अंगठा नाही, त्यामुळे बंदूक डाव्या हातात दिली. आज रात्रीपुरता कपाटात त्या तीन एक फुटींच्या पुढे ठेवला आहे, त्यांच्या गुडघ्याच्या थोडा वर येतो. पोरांनी निरोप धाडलाय की खालच्या बुरुजाला माती कमी पडतेय. उद्या सकाळी टेकडीवरून दोन पोती आणायला त्यांच्याबरोबर जातो आहे, याला खिशात घेऊन.